पाळीची वाट पाहू नका, दिवस मोजा

"पाळी आली की कळेलच, तोवर थांबा." संबंधानंतर घाबरलेल्या बाईला हा सल्ला नणंद देते, मैत्रीण देते, मेडिकलवाला देतो आणि आमच्या पेशातले लोकही देतात. जिची पाळी 28 दिवसांनी ठरल्यासारखी येते, तिला तो एक वेळ चालेल. पण जिची पाळी कधी 35, तर कधी 60 दिवसांनी येते, तिची ही चक्क फसवणूक आहे. तिची पाळी चुकली हे कोणत्या तारखेवरून ठरवायचं?

पीसीओडी, थायरॉइड, अंगावर पाजणं, वजनातले चढउतार, सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, अशा अनेक कारणांनी तारीख हलते. अशा बाईचं बीज कधी बाहेर पडेल, हे सांगता येत नाही. म्हणून 'सुरक्षित दिवस' तिच्या कामाचे नाहीत. तिने संबंधाच्या दिवसापासून मोजावं. आकडे तीनच आहेत.

72 तास: या वेळेत लेव्होनॉर्जेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी, जितकी लवकर तितकी चांगली. 2 तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं, गोळीचा परिणाम कमी होतो. पुढच्या संबंधांना ही गोळी संरक्षण देत नाही.

5 दिवस: या मुदतीत तांबी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात आणि पुढेही अनेक वर्षं उपयोगी पडते.

21 दिवस: या दिवशी लघवीची तपासणी करावीच, मग पाळी येवो न येवो. गोळीनंतर मध्येच डाग दिसले की "आली पाळी" म्हणून बाई निर्धास्त होते. तिथेच घात होतो. तपासणीचं 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. डागांसोबत ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठावा.

आता आक्षेप ऐका. "ही गर्भ पाडायची गोळी आहे." नाही. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिला असेल तर तिचा काही उपयोग होत नाही आणि त्याला अपायही होत नाही. "कायमची पाळी बिघडते, वांझपण येतं." हेही खोटं. एखादी पाळी साधारण आठवडाभर मागेपुढे होते, इतकंच. दर महिन्याला हीच गोळी घेऊ नये, कारण नेहमीच्या वापरासाठी ती कमी पडते. त्यासाठी 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी किंवा तांबी आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. 'पाळी आणायची गोळी' म्हणून चिठ्ठीशिवाय दिलं जाणारं गर्भपाताचं किट. पाळी अनियमित असेल तर किती आठवडे झाले हे बाईला माहीत नसतं, देणाऱ्यालाही नसतं. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि 9 आठवड्यांच्या आतच घ्यायचं असतं.

तातडीची गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. 2011 च्या योजनेत आशाताईंकडे तिची किंमत 2 रुपये ठेवली गेली. तरीही सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या खेड्यात मेडिकलवाला नात्यातला, नाहीतर ओळखीचा असतो. तिथे 72 तास लाजेतच जातात. म्हणून आशाताईंच्या पिशवीत ही गोळी असलीच पाहिजे आणि त्यांच्या तोंडून नाव बाहेर पडता कामा नये.

"सहज मिळाली तर पोरी बिघडतील," म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: गोळी न मिळाल्याने संबंध थांबले का? थांबत नाहीत, फक्त आठवडे वाढतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी गर्भपात कायद्यात विवाहित-अविवाहित भेद चालणार नाही, असं सांगितलं. मग दोन रुपयांच्या गोळीसाठी "लग्न झालंय का?" हा प्रश्न कशाला?

हिंगोलीतल्या माझ्या डॉक्टर आणि मेडिकलवाल्या मित्रांना एवढंच सांगणं आहे: पहिला प्रश्न बदला. "पाळी कधी आली होती?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "संबंध कधी आला?"