ग्रीन टी त्वचेची छत्री होईल का?

'हर्बल' हे बिरुद मिरवणारी अनेक क्रीम्स आणि कॅप्सूल आज उन्हापासून संरक्षणाची ग्वाही देतात. आपल्यापैकी काही कुटुंबे ती वापरतात, तर काही आपल्या दुकानांतून विकतातही. म्हणूनच या ग्वाहीत तथ्य किती, हे दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी ज्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे, अशा ग्रीन टीच्या अर्काचे उदाहरण पाहू.

सूर्याचे अतिनील किरण आपल्यापर्यंत दोन रूपांत पोहोचतात. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे 'यूव्हीबी' किरण पेशीतील डीएनए थेट शोषून घेतो आणि त्याच्या साखळीतील शेजारचे दुवे एकमेकांस चिकटतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'यूव्हीए' किरण अधिक खोल शिरून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू निर्माण करतात. पेशी बिघडलेला तुकडा कापून त्या जागी नवा जोडते. परंतु जी दुरुस्ती राहून जाते, तिच्यातून पुढे कर्करोगाचाही धोका संभवतो.

चहाच्या पानांतील कॅटेचिन ही द्रव्ये या उपद्रवी रेणूंना निष्प्रभ करतात. २००१ साली अमेरिकेतील एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या त्वचेवर ग्रीन टीचा अर्क लावून मग कृत्रिम अतिनील किरण सोडले, तेव्हा त्वचेची लाली कमी झाली आणि डीएनएची हानीही घटली. हे वाचून कोणाचाही उत्साह वाढेल. मात्र २०१५ साली इंग्लंडमध्ये ५० निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचणीत एका गटास १२ आठवडे रोज १,०८० मिलिग्रॅम कॅटेचिन आणि क जीवनसत्त्व पोटातून दिले, तर दुसऱ्या गटास औषधविरहित कॅप्सूल. दोन्ही गटांच्या लालीत लक्षणीय फरक आढळला नाही.

वनस्पती तीच, परंतु लावण्याचे फळ पिण्यातून मिळाले नाही. शिवाय 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असेही नाही. पूरक गोळ्यांतून ग्रीन टीतील 'ईजीसीजी' हे मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, हेही शाकाहारी कुटुंबांनी पाहून घ्यावे.

तात्पर्य, अर्क हा सोबती असू शकेल, छत्री नव्हे. दुपारच्या उन्हात सावली, टोपी, अंगभर सुती कपडे आणि दोन्ही किरण अडविणारे किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, हेच खरे रक्षण. ग्राहकाने डबीवर 'हर्बल' या शब्दाऐवजी एसपीएफचा आकडा शोधावा. आणि विक्रेत्याने जेवढे सिद्ध झाले आहे, तेवढेच सांगावे. कारण आपल्या शब्दावर विसंबून एखादी आई आपल्या लेकराला भर उन्हात मैदानावर पाठवीत असते.