शेतीसंरक्षक बंदूक आणि तिची नोंद

बंदुकीची नोंद सरकारदरबारी असलीच पाहिजे, याविषयी विचारी शेतकऱ्यांत दुमत होण्याचे कारण नाही. बेवारशी हत्याराचा उपद्रव रात्री एकट्याने राखण करणाऱ्यासच प्रथम पोचतो. परंतु ज्याने नियमाप्रमाणे नोंद केली, त्यास नोंद चुकविणाऱ्याच्या पंक्तीस बसवावे काय, हा खरा प्रश्न आहे.

परकी सरकारचा १८७८ सालचा हत्यारांचा कायदा प्रजेविषयीच्या अविश्वासातून जन्मला होता. स्वराज्यातील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची दृष्टी निराळी आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्याचे १३ वे कलम सांगते. अर्जदार पुरेशा मालमत्तेचा धनी नाही, एवढ्याच सबबीवर १४ व्या कलमान्वये परवाना नाकारता येत नाही. आणि नाकारल्यास कारणे लेखी नमूद करावी लागतात. आता तर परवानेदाराचे नाव देशभराच्या एकाच नोंदणीत चढते व त्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो.

इतकी चोख नोंद हाती असता निवडणूक आली की ती बाजूस ठेवून अनेक ठिकाणी सरसकट बंदुका जमा करण्याचे हुकूम सुटतात. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून ४ जूनच्या निकालापर्यंत चालली. कोकणात हा ऐन आंब्या-काजूचा हंगाम. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीस आले होते. वानर आणि रानडुक्कर आचारसंहिता पाळीत नाहीत. ठाण्यात ठेवलेल्या बंदुकीने पीक राखले जात नाही. आणि ज्या गुंडाच्या हत्याराची नोंदच नाही, त्यास हा हुकूम शिवतही नाही.

वस्तुतः निवडणूक आयोगाच्या सूचना समंजस आहेत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, दंग्यात सापडलेले, अशांचे परवाने जिल्ह्याच्या छाननी समितीने तपासावेत, असा त्यांचा रोख आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठानेही २००९ साली सरसकट हुकुमापेक्षा छाननीचाच मार्ग दाखविला. नोंदवहीचा खरा उपयोग हाच. भला कोण व बुरा कोण हे निवडण्यासाठी ती नसेल, तर ती ठेवण्याचा खटाटोप कशाला?

म्हणून आमची सूचना अशी की, समितीने निवडणुकीपूर्वीच पीकरक्षणाच्या परवान्यांची छाननी उरकावी. ज्याच्यावर बालंट नाही त्याची बंदूक त्याजकडे राहू द्यावी. ज्याची घेणे अवश्य, त्यास लेखी कारण व पावती द्यावी आणि निकालानंतर ती विनाविलंब परत करावी.

न्याय मागणाऱ्याने आपले अंगणही झाडून ठेविले पाहिजे. परवान्याचे नूतनीकरण मुदतीत करावे. बंदूक शेजाऱ्यास उसनी देऊ नये. परवानेदार वारल्यास वारसाने ती घरात दडवू नये. ठाण्यात वा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करावी व आपल्या नावे रीतसर अर्ज करावा. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची निराळी परवानगी नसता संरक्षित जनावर मारणे हा गुन्हाच होय.

गावोगावच्या परवानेदारांनी पुढील निवडणुकीची वाट न पाहता, आपल्या पिकांचे हंगाम नमूद करून, जिल्हाधिकाऱ्यांकडे एकत्रित अर्ज आजच द्यावेत. हुकूम निघाल्यावर केलेली ओरड पीक गेल्यावर घातलेल्या कुंपणासारखी आहे.