पुरंदरावरचे जर्मन आणि आपल्या माळ्यावरची ट्रंक

राजगडाच्या बालेकिल्ल्यावर हवा स्वच्छ असेल तर पूर्वेकडे पुरंदर आणि वज्रगडाची जोडी दिसते. आम्हा भोर-वेल्ह्याकडच्या (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) पोरांना ही दिशा पाठ असते. पुरंदर म्हटलं की मुरारबाजी, १६६५ चा तह आणि २३ किल्ले. त्यानंतर आपला इतिहास जी उडी मारतो तो थेट वीकेंडच्या पार्किंगवर आणि कांदाभजीवर येऊन थांबतो.

पण मधे एक प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पुरंदरावर 'शत्रुराष्ट्राच्या' नागरिकांना, म्हणजे मुख्यतः जर्मन कुटुंबांना, स्थानबद्ध करून ठेवलं होतं. आणि त्यात जर्मनीतून पळून आलेले ज्यूसुद्धा होते!

गंमत (खरं तर गंमत कसली) बघा. हिटलरच्या सरकारने ऑक्टोबर १९३८ पासून या लोकांच्या पासपोर्टवर लाल 'जे' मारायला सुरुवात केली. म्हणजे 'तुम्ही आमचे नाही'. ते जीव वाचवून मुंबईला आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिश सरकारने तोच पासपोर्ट बघितला आणि म्हटलं, 'तुम्ही जर्मन, म्हणजे शत्रू'. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने परदेशात राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्वच एका फटक्यात काढून टाकलं. एकच कागद, आणि तो दोन्हीकडून उलटा वाचला गेला. या लोकांच्या आयुष्यात कागद म्हणजे काय होतं हे यावरून कळावं.

आज मला लिहायचंय ते या कागदांबद्दल. ते कुठे आहेत, कोण सांभाळतंय, आणि मुख्य म्हणजे आपला त्याच्याशी काय संबंध.

संबंध आहे. आकाशवाणीची ती सकाळची धून आठवते? तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन.. आपल्या आधीच्या दोन पिढ्या त्या धूनवर उठल्या. तिचा संगीतकार म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो वॉल्टर कॉफमन ज्यू होता, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबादचा. १९३४ मध्ये मुंबईला आला, रेडिओत नोकरी केली, हिंदी सिनेमांना संगीत दिलं, १९४६ मध्ये निघून गेला. शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवायला लागला. त्याची हस्तलिखितं त्या विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात नीट ठेवली गेली. म्हणूनच २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या वाद्यवृंदाला त्याच्या विसरल्या गेलेल्या रचना कागदावरून वाचून रेकॉर्ड करता आल्या. कागद राहिले म्हणून संगीत राहिलं. इतकं साधं आहे हे.

आता तुम्ही म्हणाल, कॉफमन हा मोठा माणूस, त्याचे कागद कोणीही ठेवेल. साध्या घरातल्या कागदांचं काय? तर त्याचंही एक उदाहरण आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

डेव्हिड कर्ट्झ नावाचे अमेरिकेत स्थायिक झालेले गृहस्थ १९३८ मध्ये युरोपच्या सहलीला गेले. सोबत हौस म्हणून १६ मिलिमीटरचा कॅमेरा. पोलंडमधल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी त्यांनी जेमतेम तीन मिनिटं शूटिंग केलं. कॅमेऱ्यापुढे गर्दी करणारी पोरं, सिनेगॉगमधून बाहेर पडणारी माणसं, बस्स. लग्नाच्या व्हिडिओत मांडवात घुटमळणारी पोरं दिसतात ना, तसंच. गावात तेव्हा साधारण ३,००० ज्यू होते. युद्धानंतर त्यातले शंभरसुद्धा उरले नाहीत.

ते रीळ फ्लोरिडातल्या घराच्या कपाटात पडून होतं. २००९ मध्ये नातवाला, ग्लेन कर्ट्झला, ते सापडलं. आक्रसलेलं, खराब झालेलं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने ते दुरुस्त करून घेतलं आणि लोकांना बघायला खुलं केलं. मग अमेरिकेतल्या एका बाईंनी ते पाहिलं आणि त्यातल्या एका मुलाच्या जागी त्यांना चक्क आपले आजोबा दिसले! आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी फिल्म बघत बघत आसपासच्या पोरांची नावं सांगितली. पुढे २०२१ मध्ये बियान्का स्टिग्टर यांनी या तीन मिनिटांवर अख्खी डॉक्युमेंटरी केली.

या गोष्टीत बहुतेकांना 'रीळ सापडलं' हा भाग आवडतो. मला विचाराल तर महत्त्वाचं आहे ते 'नावं सांगितली' हे. फिल्म कितीही चांगली रिस्टोअर केली असती, तरी तो म्हातारा नसता तर ती गर्दीच राहिली असती. त्याने बोट ठेवून नावं घेतली आणि त्या गर्दीत पुन्हा माणसं दिसायला लागली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जतन करणं म्हणजे स्कॅन करणं नव्हे. आमच्या धंद्यात हा गैरसमज सर्वात जास्त. कुठलाही प्रश्न आला की आम्ही म्हणतो, 'डिजिटाइज करून क्लाऊडवर टाकू'. हार्ड डिस्कवर 'स्कॅन००४७' नावाची फाइल असते, त्यात पाटावर बसलेले सहा जण. कोण, कुठे, कधी? माहीत नाही. व्हिडिओ फाइल आहे पण कोडेक नाही, तशी अवस्था. बाइट्स शाबूत आहेत पण उघडत काहीच नाही.

कुटुंबाच्या कागदांचा कोडेक म्हणजे दोन गोष्टी. एक, नावं सांगणारं माणूस. दुसरी, भाषा आणि लिपी.

लिपीचं बघा. जर्मनीत शाळेत शिकवली जाणारी जुनी वळणदार हस्ताक्षराची लिपी नाझी सरकारने १९४१ मध्ये बंद केली. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना आजीचं पत्र, जर्मन येत असूनही, वाचता येत नाही. ओळखीचं वाटतंय का? आपल्याकडे मोडीचं हेच झालं. खापरपणजोबांचा खरेदीखताचा कागद हातात घेतो आणि घरातल्या एकालाही एक ओळ लागत नाही.

आणि भाषेचं म्हणाल तर इथे आपण मराठी माणसं थेट येतो. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, त्यांची मातृभाषा मराठी. आडनावं बघा.. केहिमकर, पेणकर, नागावकर. इथे त्यांचा छळ झाला नाही, त्यांचं स्थलांतर हे युरोपातल्या पळापळीसारखं नव्हतं, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ कोणी करू नये. पण १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. जाताना मराठी घेऊन गेली. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने 'तुम्ही पूर्ण ज्यू का?' असा प्रश्न उभा केला तेव्हा या मंडळींना भांडावं लागलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. ज्या पिढीने हे भोगलं तिची घरगुती भाषा मराठी होती. नातवंडांची हिब्रू आहे. आजोबांचं मराठी पत्र त्या नातवाला जेवढं परकं, तेवढंच ते तुम्हाला-मला सोपं.

या समाजाचा पहिला मोठा इतिहास हायेम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून काढला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. ४० वर्षं हस्तलिखित नुसतं पडून! लेखक तेव्हा हयातही नव्हते. ती वही वाळवीने खाल्ली असती किंवा रद्दीत गेली असती तर? बरीच पुस्तकं अशी गेली असतील आणि गेली हेही आपल्याला कळलेलं नाही.

'पण हे सगळं दुसऱ्यांचं, आपण कशाला?' असं मला मित्रांनी विचारलंय. याला भोर तालुक्यातूनच उत्तर देतो. कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. सनावळ्या आणि घटनांच्या त्रोटक नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवजन्माची तिथी होती, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. आज १९ फेब्रुवारीला आपण सुट्टी घेतो त्याच्या मुळाशी एका घराने सांभाळलेला हा कागद आहे. जेध्यांच्या कुठल्या तरी पिढीने 'जुनाट आहे, टाका' म्हटलं असतं तर? आणि समजा टाकला नसता, पण तो वाचू शकणारं कोणीच नसतं तर? ज्या मुलखाला घरगुती कागदाची किंमत इतकी कळलीय, त्याने दुसऱ्याच्या कागदाला 'आपलं काय त्याचं' म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? पत्रात भांडणं असतात, पैशाचे व्यवहार असतात, कोणाचं तरी दुखणं असतं. मान्य. पण जतन करणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेला देताना 'अमुक वर्षं उघडायचं नाही' अशी अट घालता येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ॲक्सेस कंट्रोल म्हणतो ते हेच. लाज वाटते म्हणून डिलीट करणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्याला अनडू नाही.

आता थोडं कामाचं, कारण नुसतं भाषण देऊन काय उपयोग.

जुन्या रिळाच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला तर ते मरायला लागलंय असं समजा. ॲसिटेट फिल्म विघटित होताना ॲसिटिक ॲसिड सोडते, आणि त्याच ॲसिडने विघटन आणखी वाढतं. शेजारच्या रिळालाही लागण होते. असं रीळ वेगळं काढा, थंड कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आणि हौसेने प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नका. आक्रसलेली फिल्म दातऱ्यांत अडकून फाटते. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ पासून आहे. या विषयातली जाणकार मंडळी इतक्या जवळ असणं हे पुणेकरांचं नशीब आहे, तर आधी विचारा.

कागदांचं लॅमिनेशन करू नका. ही आपली राष्ट्रीय सवय आहे, आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंज कागद खातो. फोटोमागे बॉलपेनने नाही, मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. स्कॅन केलंत तर तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि माणसाचं नाव टाका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे, तो दाबून लहान केलेला असतो. आणि मूळ कागद कुठल्याही परिस्थितीत फेकू नका. स्कॅनमध्ये पाठीमागचा शिक्का, कागदाचा वॉटरमार्क, घडीची खूण यातलं बरंच येत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी नावं! आमच्या दोन तालुक्यांत भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर अशी धरणं झाली. त्यात उठलेल्या गावांच्या नोटिसा, दाखले, एखाददुसरा फोटो कित्येक घरांत आहे. याची तुलना युरोपातल्या संहाराशी मी करत नाही, तशी कोणी करूही नये. पण पाण्याखाली गेलेल्या गावाच्या फोटोत कोण उभं आहे हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. १९३८ मध्ये युरोपात दहा वर्षांचा असलेला मुलगा आज असलाच तर नव्वदीच्या उत्तरार्धात आहे. कागद आणखी ५० वर्षं टिकेल हो, आजी टिकणार नाही. डेडलाइन स्टोरेजची नाहीच, माणसांची आहे.

तेव्हा विनंती अशी. येत्या शनिवार-रविवारी ट्रेक नाही झाला तरी चालेल. माळ्यावरची ट्रंक खाली काढा, घरातल्या सर्वात वयस्कर माणसाशेजारी बसा, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि एकेक फोटो दाखवत 'हे कोण?' एवढंच विचारा. आणि तुम्हाला मोडी येत असेल, किंवा नुसतं जुनं मराठी हस्ताक्षर लागत असेल, तर ते कोणासाठी तरी वापरा. हैफाला किंवा अश्दोदला एखाद्या नातवाकडे आजोबांचं पत्र असेल आणि त्याला 'चि.' आणि 'सा.न.वि.वि.' म्हणजे काय हेसुद्धा कळत नसेल. तुम्हाला कळतं. आपल्याला फुकट मिळालेली ही गोष्ट आहे, ती त्या नातवाला द्यायला कितीसा वेळ लागतो?

असो. फारच लांबलं. ट्रंक तेवढी काढा.