वहाण निघाली मिलानला!

इटली देशांत मिलान म्हणून एक शहर आहे. तेथें कपडे शिवतात थोडे व मिरवितात फार, असा त्या शहराचा लौकिक. २२ जून २०२५ रोजीं तेथें प्राडा नांवाच्या बड्या पेढीनें आपला पुरुषांचा नवा पोशाख लोकांपुढें मांडला, आणि तो घालून चालणाऱ्या तरुणांच्या पायांत जें पायताण होतें तें पाहून कोल्हापुरापासून पुण्यामुंबईपर्यंत एकच गलबला उडाला. तोच अंगठा, तीच वेणी, तोच सपाट तळ! पेढीनें त्यास नांव दिलें होतें नुसतें चामडी सँडल. कोल्हापूरचें नांव नाहीं, देशाचें नाहीं, मग करणाराचें कोठून असणार?

झालें! ज्या शहरी गृहस्थांच्या पायांत दहा वर्षें विलायती बुटाखेरीज कांहीं शिरलें नव्हतें, त्यांचाही अभिमान एका रात्रींत जागा झाला. माळ्यावरचा जुना जोड खालीं आला, धूळ झटकली गेली, आणि पायांचीं छायाचित्रें मोबाइलवरून घरोघर फिरूं लागलीं. आम्हीं तीं पाहिलीं. पाय गोरे होते, गुबगुबीत होते. भेग मात्र एकाही टांचेस नव्हती. "आमची संस्कृति चोरली हो!" असा जो तो ओरडूं लागला. त्यांतला 'आमची' हा शब्द ऐकून आम्हांस हसूं आवरेना.

कातडें मेल्या जनावराचें, म्हणून तें कमावणारा ढोर व शिवणारा चांभार हे दोघेही गांवाच्या कडेला. त्याच कातड्याचा पखवाज झाला कीं तो देवळांत जातो, कीर्तनांत बुवांच्या शेजारीं बसतो. ढोल झाला कीं गणपतीपुढें चालतो. त्यांस विटाळ नाहीं. वहाण झाली कीं ती उंबऱ्याबाहेर, आणि वहाण करणारा तिच्याही पलीकडे. कातडें तें कातडेंच. सोंवळें त्यांत कोठें शिरतें व कोठून निघून जातें, याचा निर्णय कोणा शास्त्रीबोवांनीं दिलेला आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. 'पायांतली वहाण पायांतच बरी' ही म्हण ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालली, त्याच घरांत आतां वहाणेची आरती चालली आहे.

बाराव्या शतकांत कल्याणास बसवेश्वरांच्या मंडळींत हरळय्या नांवाचा चांभार होता. त्याच्या मुलाचें लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशीं लागलें, म्हणून दोन्ही बापांस हाल हाल करून मारलें, असें लिंगायत परंपरा सांगते. तेव्हां चांभार आमचा आहे असें म्हणावयास शहरांतून कोणी धांवलें नाहीं.

असो. जुलै २०२५ मध्यें कांहीं वकील मंडळी कारागिरांची बाजू घेऊन मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेली. न्यायालयाचें म्हणणें पडलें कीं, ज्यांच्या नांवें या मालाची नोंद आहे त्यांनीं यावें, तुमचा यांत संबंध काय? अर्ज निकालांत निघाला. ती नोंद चांभाराच्या नांवें नाहीं. ती महाराष्ट्राचें संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचें बाबू जगजीवनराम यांच्या नांवाचें महामंडळ, या दोन सरकारी संस्थांच्या नांवें आहे. २०१९ सालीं मिळालेल्या या भौगोलिक मानांकनाप्रमाणें कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व तिकडे बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांत होईल तीच खरी कोल्हापुरी. सीमेवरून दोन सरकारें भांडत बसलीं आणि वहाण मात्र दोन्हीकडे पाय ठेवून उभी, हें आम्हांस फार आवडलें.

पेढीनें पुढें आपण हा नमुना कोल्हापुरी चपलेवरून घेतल्याचें कबूल केलें. तिचीं माणसें जुलैमध्यें कोल्हापुरास येऊन कारागिरांच्या घरीं बसून गेलीं. डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही महामंडळांशीं करार झाला. त्यांत २,००० जोड येथल्याच कारागिरांकडून करून घ्यावयाचे व एकेक जोड सुमारे ८०० युरोंस, म्हणजे आपल्या ८० हजार रुपयांच्याही वर विकावयाचा, असें जाहीर झालें. आम्ही यास नाक मुरडणार नाहीं. परका माणूस सुभाषनगराच्या गल्लींत येऊन गेला. अभिमानानें ओरडणारांपैकीं किती जणांस ती गल्ली कोठें आहे हें ठाऊक आहे?

ठाऊक असतें तर त्यांनीं पाहिलें असतें. बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत कातडें दिवसचे दिवस मुरतें. मग तें रापीनें कापावयाचें, तळावर तळ बसवावयाचा, खिळा न मारतां चामड्याच्याच वादीनें शिवावयाचें, आणि शेवटीं पट्ट्यावरची वेणी. वेणी व बारीक नक्षी बहुधा घरच्या बायका घालतात. त्यांचें नांव तर हिशेबाच्या वहींतही चढत नाहीं. असला जोड चप्पल लाइनींत हातांत घ्यावयाचा आणि "शंभर कमी करा" म्हणून अर्धा तास उभें राहावयाचें, शेजारचा रेक्झिनचा नकली माल दाखवून त्यास आणखी खालीं आणावयाचें, हा आमच्या शेतकरी बंधूंचाही नेम आहे. सकाळीं मार्केट यार्डांत कांद्याचा भाव पाडला म्हणून दलालास शिव्या देणारा माणूस दुपारीं चांभाराच्या पुढ्यांत स्वतः दलाल होतो! याचें खापर भटजींच्या माथीं फोडतां येणार नाहीं. मोटा चांभारानेंच शिवल्या, खळ्यावर बलुतें घेतांना मात्र तो अंतर राखून उभा राहिला, आणि खळें कांहीं भटजींचें नव्हतें.

कातडें मिळेनासें झालें तें निराळेंच. २०१५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत बैल व वळू यांचीही कत्तल बंद झाली. म्हातारा बैल शेतकऱ्याच्या दावणीस आणि महाग कातडें चांभाराच्या दारीं, असा दोघांसही सारखा आहेर.

शाहू महाराजांची रीत वेगळी होती. अस्पृश्यांस मान द्या, एवढें सांगून ते थांबले नाहींत. गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें, तेव्हां महाराज तेथें गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेत, व बरोबरच्या मानकऱ्यांसही तो निमूटपणें घ्यावा लागे. दुकान चालतें तें गिऱ्हाइकानें, हें राजास कळत होतें.

शाळेंत नांव घालतांना बापाच्या धंद्याचा रकाना भरावा लागतो. चपला करणारे पालक तेथें 'मजुरी' असें लिहवितात, हें आम्ही कित्येक वर्षें पाहत आलों आहों. मिलानचा गलबला झाल्यावरही एकानें तेंच लिहविलें. आम्हीं म्हटलें, "अहो, तुमचं पायताण इटलीला निघालं, आतां तरी खरा धंदा सांगा." तो म्हणाला, "पायताण जाऊं द्या गुर्जी कुठंबी. पोरगं न्हाई बसवायचं मी रापीवर." या उत्तरावर आम्ही काय बोलणार? रकान्यांत मजुरी लिहिली.

म्हणून दोन्ही महामंडळांस आमची एकच विनंति आहे. त्या २,००० जोडांपैकीं प्रत्येक जोडामागें शिवणाराच्या हातीं रोख किती पडले, वेणी घालणाऱ्या बाईस किती मिळाले, आणि मधल्या मध्यें किती मुरले, हे तिन्ही आंकडे सुभाषनगरांत व तिकडे अथणी-निपाणीस ठळक अक्षरांत फळ्यावर लिहून लावावेत. फळा व खडू नसल्यास तसें कळवावें, आमच्या शाळेंतून पाठवूं.