मामांची भट्टी आणि आमचा प्रोजेक्ट

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने पहिल्या बैठकीत जे विषय काढले त्यांची यादी अजून माझ्या वहीत आहे. त्यात ड्रोन आहे, सोलर सायकल आहे, आणि सगळ्यात खाली पेन्सिलीने मी लिहिलेला विषय आहे : 'मामांची भट्टी'. त्यावर ग्रुप पोटभर हसला. पुढे तो विषय वरपर्यंत गेलाच, तेव्हा "चूल दुरुस्त करणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे" असं उत्तर मिळालं. प्रोजेक्ट दुसराच झाला. (तो कुठून झाला हे विचारू नका. तुमच्यातल्या अर्ध्याअधिकांचाही तिथूनच झालाय!) भट्टी मी सुट्टीत केली, आणि ती केल्यावर माझं मत पक्कं झालंय की वरचं उत्तर साफ चुकीचं होतं. म्हणून हा लेख.

आधी भट्टी म्हणजे काय ते सांगतो. आमचे मामा जळकोटचे. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट नव्हे. आमचं जळकोट धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. नळदुर्ग मागे टाकून उमरग्याकडे निघालं की लागतं. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 9, आता 65. रस्त्याला गाड्यांचा तोटा नाही, म्हणून मामांनी दोन वर्षांपूर्वी बार्बेक्यूची धुरीची भट्टी घेतली. 200 लिटरचे दोन ड्रम एकमेकांना वेल्ड करून आडवे ठेवलेले, वर उघडणारं झाकण, एका टोकाला लाकूड जाळायची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि हे सगळं दोन चाकांच्या ट्रॉलीवर. छोट्या हत्तीच्या मागे अडकवायची आणि न्यायची. संध्याकाळी रस्त्यावर धंदा, आणि कुणाकडे कंदुरी किंवा जावळ असलं की ऑर्डर. कोंबडी विस्तवावर न भाजता बाजूच्या जाळाच्या गरम धुरात दोन-अडीच तास शिजवायची, अशी ही अमेरिकन पद्धत. तिकडे तेलाच्या पाइपांपासून अशा भट्ट्या करतात, चांगल्या जाड पोलादाच्या. मामांची होती 1.2 मिलिमीटर पत्र्याची. स्वस्तातली. तेवढ्यासाठीसुद्धा मामींनी बचत गटातून कर्ज काढलेलं.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर मामा डोळे चोळत बसलेले. म्हणाले, "भाचेबुवा, इकून टाकावं म्हणतो भंगारात. लाकूड नुस्तं खायलंय हे. हिकडची कोंबडी करपायली, तिकडची कच्ची राहायली." मामी काहीच बोलल्या नाहीत. कर्जाचे सात हप्ते बाकी होते.

इथे पहिली गोष्ट मी चुकीची केली, तीही सांगून टाकतो. मी लगेच म्हणालो, "पत्रा पातळ आहे मामा, 6 मिमीचा पाहिजे होता." हे व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान! रात्री वहीत गणित मांडलं. दोन्ही ड्रम मिळून पृष्ठभाग साधारण 3.7 चौरस मीटर. 1.2 मिमीला वजन 35 किलोच्या आसपास, 6 मिमीला 170च्या पुढे. म्हणजे ट्रॉलीचा आस बदला, टायर बदला, आणि आज मामा-मामी दोघं मिळून जी ढकलतात ती ढकलायला चार माणसं लावा. पातळ पत्रा हा दोष खराच, पण त्या पातळपणामुळेच ती मामांना परवडली आणि हलवता येते. स्वस्त वस्तू सुधारताना तिचं स्वस्तपण घालवलं तर आपण सुधारलं काय?

मग मोजायचं ठरवलं. ईएनटीसीच्या मित्राकडून तापमान दाखवणारा मल्टिमीटर आणला होता, पण त्याची तार एकच. एका वेळी एका जागेचं तापमान कळणार. यावर तोड मामींनी काढली. त्यांनी उडदाचे पापड आणले आणि जाळीवर ओळीने मांडायला सांगितले! पेटीजवळचे पापड मिनिटभरात काळे, मधले छान फुललेले, धुराड्याकडचे नुसते मऊ. सगळ्या भट्टीचा नकाशा दोन मिनिटांत समोर. नंतर तार फिरवून आकडे घेतले : पेटीकडे 215 अंश, दुसऱ्या टोकाला 120. आणि झाकणावरच्या घड्याळात दिसत होते 160. ते घड्याळ झाकणाच्या माथ्यावरच्या हवेचं तापमान सांगतं, कोंबडीच्या उंचीचं नाही. मामा दोन वर्षं त्या घड्याळावर विश्वास ठेवून होते.

आता धूर. झाकणाच्या कडेने सगळीकडून धूर येत होता आणि तोच मामांच्या डोळ्यांत जात होता. आम्हाला वाटायचं, थोडी गळती असली तर काय बिघडतं? बिघडतं ते असं : धुराड्यातली हवा 120 अंशांची आणि बाहेरची 30ची धरली तर मीटरभर उंचीला मिळणारी ओढ जेमतेम अडीच पास्कल. पाण्याच्या स्तंभात पाव मिलिमीटर! एवढ्याशा ओढीवर सगळी भट्टी चालते. झाकणाला बोटभर फट असली की धुराला धुराड्यापर्यंत जायची गरजच उरत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात मी हे सूत्र दोनदा लिहिलंय (दोनदा म्हणजे दोन अटेम्प्टमध्ये), पण ते खरंच काहीतरी सांगतं हे जळकोटच्या अंगणात कळलं.

फट बुजवायला सोलापुरातून बॉयलरच्या दाराला लावतात तो काचतंतूंचा विणलेला दोर आणला. दुकानात त्याहून स्वस्त म्हणून ॲस्बेस्टॉसचा दोर पुढे केला गेला. मित्रहो, तो कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, आणि इथे तर खायचं शिजतंय. काचतंतूंचासुद्धा आतल्या बाजूला उघडा ठेवला नाही. झाकणाच्या बाहेरच्या कडेला अँगलची खाच केली आणि त्यात सोडियम सिलिकेटने चिकटवला. म्हणजे एखादा तंतू सुटला तरी जाळीवर पडायला नको.

धुराडं ड्रमच्या माथ्यातून निघत होतं. गरम हवा वर चढून सरळ बाहेर, कोंबडीला रामराम करून! त्याला आतून पाइपाचा तुकडा जोडून तोंड जाळीच्या उंचीला आणलं. आता धुराला खाली येऊनच बाहेर पडावं लागतं. पेटीच्या तोंडापासून पुढे 4 मिमी जाडीची, 1.2 मीटर लांबीची भोकं पाडलेली पट्टी जाळीखाली टाकली; जाळाजवळ भोकं बारीक आणि विरळ, पुढे मोठी. ही एकच वस्तू जड, 17 किलो. पण सगळा ड्रम जाड करण्यापेक्षा जिथे हवं तिथेच पोलाद घातलं. तीच तापून राहते आणि झाकण उघडल्यावर पडलेलं तापमान लवकर वर आणते. भोकांचं माप गणिताने काढलं नाही, पापड बघत बघत तीन वेळा ड्रिल मारलं. गावातल्या वेल्डरने दुसऱ्या वेळेलाच सांगितलं होतं, "शेवटची ओळ अजून मोठी करा." मी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी तेच करावं लागलं.

पेटीचं दार जस्ताच्या पत्र्याचं निघालं. पांढरी भुकटी दिसली तेव्हा संशय आला. जस्त 420 अंशांना वितळतं, आणि जास्त तापल्यावर त्याचा जो धूर होतो तो घेतला तर थंडी-ताप भरतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर काम करणाऱ्या वेल्डरांना हे चांगलं ठाऊक असतं. दार काढून काळ्या पत्र्याचं बसवलं. ड्रम खाद्यतेलाचे होते हे मामांनी घेतानाच विचारून ठेवलं होतं, नाहीतर तीच मोठी भानगड होती.

राहिली पेटी. लाकूड तळावर राखेत लोळत होतं, त्याला खालून हवाच नव्हती. सळयांची जाळी बसवून ते चार बोटं वर घेतलं. आणि पेटीच्या भिंतींतून उष्णता जाऊ नये म्हणून आतून अस्तर. हे खातं मामींचं. तांबडी माती, चाळलेली राख आणि गव्हाचं भुसकट. (काळी माती का नाही, हे सिव्हिलवाल्यांनी सांगावं.) भुसकट आत जळून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मी हे इन्सुलेशनच्या धड्यात वाचलेलं, मामी हे आईकडून शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "सावलीत वाळू दे, आठ दिस लागत्येत." माझी सुट्टी संपत आलेली. मी तिसऱ्या दिवशी आत मोठा जाळ केला. ओल्या मातीची वाफ झाली, तडे गेले, आणि पुढच्याच कंदुरीला जाताना एका खड्ड्यात निम्मं अस्तर खाली आलं. मामा काही बोलले नाहीत, मामी बोलल्या. दुसऱ्या खेपेला मातीच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी घातली आणि निमूट आठ दिवस थांबलो. ते अस्तर अजून आहे. जमिनीवरची चूल आणि चाकांवरची चूल यांत हा फरक असतो, तो कुठल्या व्हिडिओत मला दिसला नव्हता.

खर्च सगळा मिळून 3,400 रुपये. दोन टोकांतला फरक 95 अंशांवरून 25वर आला. एका संध्याकाळी 14 किलो बाभूळ लागायची, ती 9 किलोवर आली. त्यातला काही भाग सुक्या लाकडाचा आहे हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच सुमारास मामांनी ओली लाकडं घेणं बंद केलं. ओलं लाकूड पांढरा दाट धूर करतं आणि त्याने मांस कडू लागतं. लोकांना तो दाट धूर म्हणजेच बार्बेक्यू वाटतो. खरं तर धूर दिसेल न दिसेल इतका पातळ हवा. कोंबडी मात्र रंगावर सोडायची नाही. धुराने मांसाला लाली येते आणि शिजलं की नाही ते त्यावरून कळत नाही. मांडीच्या जाड भागात काटा खुपसून 74 अंश बघायचे, हे मामा आता गिऱ्हाइकासमोर मोठ्या ऐटीत करतात.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने नंतर सुचवलं की पेटीला पंखा, सेन्सर आणि मोबाइलवर तापमान लावू. ते जमलंही असतं, आणि तेच प्रोजेक्ट म्हणून हसत हसत पास झालं असतं! पण मामांनी विचारलं, "बॅटरी उतरली तर गिऱ्हाईक थांबंल का?" मला उत्तर सुचलं नाही.

चूल हा हलका विषय, असं ज्यांना वाटतं त्यांना दोन नावं सांगतो. तोफांना भोक पाडताना निर्माण होणारी उष्णता पाहून 1798 साली उष्णतेच्या कल्पनेलाच धक्का देणारा काउंट रमफोर्ड आपल्या पुस्तकांत असतो. त्याच माणसाने त्याच दशकात लंडनच्या घरांतली धूर ओकणारी शेगडी दुरुस्त केली होती, मुख्यतः धुराड्याचा गळा अरुंद करून. आणि आपल्याकडे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी 2002 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या भागात शेतात पेटवून देतात तेच हे पाचट. यांचा प्रोजेक्ट कुणी नाकारला असता का? उलट 1983मध्ये सुरू झालेला सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम आठवा. देशभर कोट्यवधी चुली वाटल्या आणि कितीतरी घरांत त्या लवकरच बाजूला पडल्या. पापड मांडा म्हणणारी मामी त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाजवळ नव्हती, असं माझं मत. ते चुकीचं असेल तर पुढच्या अंकात कुणीतरी लिहावं.

माझी मागणी साधी आहे. प्रोजेक्टच्या फॉर्मवर 'विषय' या रकान्याशेजारी 'कोण वापरणार' असा एक रकाना असावा, आणि तो भरल्याशिवाय सही मिळू नये. बाजारातून आणलेले प्रोजेक्ट त्या एका रकान्यात अडकतील. आमचा तर नक्कीच अडकला असता.

भट्टी अजून पुरती झालेली नाही. तेल गळून पेटीकडेच वाहतं, कारण ट्रॉली उभी केली की त्या बाजूला कलते. मागे एकदा त्याने भडकाही झाला. दुसऱ्या टोकाला तोटी आणि पुढे खाली-वर होणारा आधार बसवायचाय. बिजागरीजवळचा दोरही हातभर सुटलाय. रविवारी अणदूरची ऑर्डर आहे, त्याआधी मला सोलापूरहून नवा दोर घेऊन जळकोट गाठायचंय. हप्ते आता दोनच राहिलेत, असं मामींनी परवा फोनवर सांगितलं.