नळीत ठोकलेला बोल्ट

बॉनेट उघडलं आणि आत रुपेरी रंग दिसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, आमच्या घरातली पहिली. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये 'इंजिनाचा भाग जरा नीट करून द्या' एवढंच सांगून सोडली होती. चार दिवसांनी मिळाली ती चकाचक होऊन. टॅपेट कव्हरवर रुपेरी रंग, रबरी नळ्यांवर काळं पॉलिश, वायरी तर दिसेनातच. 'सगळा पसारा काढून टाकला साहेब, आता कसं मोकळं झालंय बघा,' मिस्त्री म्हणाला आणि मी पैसे मोजले. पंधरा दिवसांनी, एप्रिलातल्या भर दुपारी, खंबाटकी घाट चढताना ती मोकळी झालेली गाडी आचके देत बंद पडली. मागे ट्रकांची रांग, गाडीत ७१ वर्षांची आई. इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो.

त्या दिवसापासून 'इंजिन मोकळं केलं' हे शब्द कानावर आले की माझं डोकं फिरतं.

घरी आल्यावर मी एकेक नळी हाताने चाचपत गेलो. पंपातून टाकीकडे परत जाणारी पेट्रोलची नळी गायब होती. तिच्या तोंडात रबराचा तुकडा, त्यात एक बोल्ट ठोकलेला आणि वरून क्लिप. ही नळी शोभेची नसते. इंजिन पितं त्याहून जास्त पेट्रोल पंप उपसतो आणि उरलेलं टाकीत परत जातं. पेट्रोल असं फिरतं राहिलं की पंपात साचून तापत नाही. वाट बंद केली की उन्हाळ्यात, घाटात, कमी वेगात ते नळीतच उकळतं, वाफ धरतं आणि पंपाला ओढायला पेट्रोल उरत नाही. एक्झॉस्टवरचा पत्राही मिस्त्रीने 'उगाच खडखडतो' म्हणून काढला होता. म्हणजे उष्णता अडवणारी भिंत पाडली आणि तापलेलं पेट्रोल बाहेर नेणारी मोरीही बुजवली. एवढं करून वर रंग मारला.

दुसरा बोल्ट टॅपेट कव्हरच्या श्वासनळीत निघाला. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच. कोऱ्या इंजिनातही निसटतो, जुन्यात जास्त. तो या नळीतून एअर फिल्टरकडे जातो आणि पुन्हा इंजिनात जळतो. पूर्वीच्या गाड्यांत तो सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात हा वायू इंजिनातच परत घेणारी रचना आली. मोटारींच्या धुराविरुद्धचा तो अगदी पहिला उपाय, आणि तोही एका नळीचा. ती बुजवली की आतला दाब सीलवर, गॅस्केटवर येतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. माझ्या त्या रुपेरी कव्हरच्या कडेने पंधरा दिवसांत काळे ओघळ उतरले होते. स्वच्छतेच्या नावाखाली केलेल्या कामाने इंजिन आधी कधी नव्हतं इतकं घाण झालं.

थर्मोस्टॅटबद्दल तर मला ओरडून सांगायचं आहे. 'आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅट कशाला हवा? काढून टाका, इंजिन थंड राहील.' हे वाक्य मी तीस वर्षं गल्लोगल्ली ऐकतोय आणि ते तीस वर्षं चूक आहे. इंजिनाला थंड राहायचंच नसतं. पाणी ऐंशी अंशांच्या वर गेलं की थर्मोस्टॅट उघडतो, तोवर ते रेडिएटरकडे जाऊ देत नाही, कारण इंजिन लवकर तापावं आणि तापलेलंच राहावं अशी त्याची घडण आहे. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल थेंबांनी साचतं, तिथलं ऑइल धुऊन काढतं, खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलमधलं पाणी उडून जात नाही, त्याचा राप बसतो. रिंगा झिजतात, अॅव्हरेज पडतं. २००० नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला 'इंजिन अजून गार आहे' असंच सांगत राहतो आणि कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओतत राहतो. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर तुंबला असेल, पंखा बंद असेल, वॉटर पंप झिजला असेल, कूलंटऐवजी बोअरचं क्षारांचं पाणी भरलं असेल. दोष शोधायला अक्कल आणि दोन तास लागतात. थर्मोस्टॅट काढायला दोन बोल्ट पुरतात. म्हणून तो काढला जातो. त्याचंच भावंड म्हणजे 'पंखा डायरेक्ट केला'. पाणी तापलं की पंखा चालू करणारा थर्मोस्विच बिघडला, तो बदलायचा सोडून त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून ठेवायच्या आणि दिवसभर पंखा फिरवायचा. माझ्या गाडीत हेही झालं होतं.

आणि अर्थिंगची पट्टी! इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे वीज परत जायला इंजिन आणि बॉडी यांच्यात तांब्याची एक विणलेली पट्टी लागते. ती मळकट दिसते, पॉलिश घेत नाही, म्हणून या मिस्त्र्यांच्या डोळ्यांत खुपते. ती काढली तरी वीज परत जायची थांबत नाही, दुसरी वाट शोधते. अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते, क्लचच्या केबलमधून जाते. केबल तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि एक दिवस अॅक्सिलरेटर दाबलेला दाबलेलाच राहतो. यात माणूस मरू शकतो.

सगळाच पसारा पवित्र असतो असं माझं म्हणणं नाही. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली खरोखर काढण्यासारखं पुष्कळ असतं, आणि नेमकं तेच हे लोक काढत नाहीत, आत कोंबून लपवतात. माझ्या गाडीत फेंडरच्या आत, चिखलपत्र्यामागे, जुन्या अलार्मचा मेलेला भोंगा होता. कधीकाळी बसवलेल्या प्रेशर हॉर्नच्या तीन वायरी होत्या, त्यांतल्या एकीत अजून करंट होता. काढलेल्या गॅस किटचा कंस, म्युझिक सिस्टिमची फ्यूज नसलेली लाल वायर आणि पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळलेले सतरा जोड होते. मे महिन्यात त्या पट्टीचा गोंद वितळतो आणि ती सुटते. हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब होते. वायरिंग मात्र ६०/५५ वॉटसाठीच बनवलेलं आणि मध्ये रिले नाही. हिशेब साधा आहे: साठ वॉटच्या दोन बल्बांना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, शंभरच्या दोघांना जवळजवळ १७. तीच वायर, तोच स्विच. हे गाडीला आगीचं आमंत्रण आहे आणि वायरी गठ्ठ्यात बांधून दिसेनाशा केल्या की ते आमंत्रण अजून पक्कं होतं.

हे सगळं जंजाळ मी स्वतः काढलं. पाच रविवार लागले. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली, मग फोटो काढले, प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी बांधली. कारखान्याचं काय आणि नंतरचं काय हे वर्कशॉप मॅन्युअलातल्या आकृतीवरून ठरवलं, आणि नंतरचं तेवढंच उपसलं, एका वेळी एक. प्रत्येकानंतर गाडी चालू करून पाहिली. जोड कापून नवे लग क्रिम्प केले, हेडलाइटला रिले आणि फ्यूज दिला, मूळचे बल्ब लावले, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कचरा पावणेतीन किलो भरला. सुटसुटीत करणं ते हे. यात कारखान्याचा एकही भाग बाहेर गेला नाही, उलट पाच परत आत आले.

वायरी गडप करायची, नळ्या काढून पत्रे गुळगुळीत करायची ही हौस अमेरिकेतल्या, जपानातल्या शोच्या गाड्यांची. तिथे अशा कितीतरी गाड्या ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जातात आणि ट्रेलरवरच घरी येतात. आपली गाडी सिंहगड रोडच्या गर्दीत उभी राहते, पावसात कोकणात उतरते, रात्री अकराला पाचाडजवळ बंद पडते आणि अनोळखी मिस्त्री मोबाइलच्या उजेडात तिच्यात डोकं घालतो. त्याला नळी कुठून निघते नि कुठे जाते हे दिसलं पाहिजे. लपवलेली वायर त्याने शोधायची कशी?

बरं, एवढा खर्च दिखाव्यावर करताना पेट्रोलच्या नळीकडे कोणी पाहत नाही. माझ्या गाडीतली नळी गाडीइतकीच जुनी होती. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९७ सालचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही; ते फुगतं, मऊ होतं, मग तडकतं. त्या तडकलेल्या नळीवर यांनी सिलिकॉनचं पॉलिश चोपडलं, म्हणजे भेगा दिसणार नाहीत. त्याआधी डिझेलचा फवारा मारून धुतलं, म्हणजे उरलेलं रबरही सडावं. मग प्रेशरचं पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर. मी याला फसवणूक म्हणतो. कामाचा कंटाळा लपवण्यासाठी रंगाचा डबा उघडणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही, त्याचा हात कितीही सफाईदार असो.

आणि गाडीमालकांनो, तुम्हीही यात आहात. मीही होतो. आपण बॉनेट उघडून चमक पाहतो आणि पाकीट काढतो. काय काय काढलं हे विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कारखान्याच्या मूळ नोंदींविरुद्ध बदल करू देत नाही, हे पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणीला जाताना आठवतं. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीकडे काढलेल्या सगळ्या भागांची पिशवी मागा आणि ती आपल्यासमोर उघडायला लावा. बिलावर प्रत्येक भाग का काढला ते लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याच्या दारात पुन्हा गाडी उभी करू नका.

मी पिशवी मागायला गेलो तेव्हा 'भंगारात गेलं' असं उत्तर मिळालं. थर्मोस्टॅट, थर्मोस्विच आणि नळ्या नाना पेठेत मिळाल्या, अर्थिंगची पट्टी वायरमनकडून विणून घेतली. एक्झॉस्टवरचा पत्रा दोन महिने कुठेच मिळेना. शेवटी एका भंगारातल्या गाडीवरून उतरवून आणला, गंजलेला, एका कोपऱ्यात वाकलेला. तो तसाच बसवलाय. पुढच्या मे महिन्यात आईला घेऊन साताऱ्याला गेलो. खंबाटकीत पत्रा खडखडत होता आणि गाडी चढत होती.