पडद्यावरची कर्जमाफी आणि सरकारची खातेवही

हिंदी चित्रपटाला कर्ज हा विषय नवा नाही. बिमल रॉय यांच्या १९५३ सालच्या ‘दो बिघा जमीन’मधील शंभू ६५ रुपयांचे देणे फेडायला जातो, तर जमीनदाराच्या हिशेबात ते २३५ रुपये निघते. मेहबूब खान यांच्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’मध्ये लग्नासाठी घेतलेल्या ५०० रुपयांच्या व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से सुखीलालाच्या घरी जातात. ऋणको भोळा, धनको लबाड आणि वही खोटी, असा हा साचा आहे. त्या काळातील खेड्यांची स्थिती पाहता तो निराधार नव्हता, हे व्यापारी समाजानेही मान्य करावयास हवे. प्रश्न एवढाच की, ७० वर्षांनंतर देशातील सर्वांत मोठा ऋणको स्वतः सरकार असताना तोच साचा कितपत उपयोगी पडतो?

२०२३ मध्ये आलेल्या ‘जवान’ने या साच्याला नवे रूप दिले. उद्योगपतीचे ४०,००० कोटींचे कर्ज सोडून दिले जाते आणि ट्रॅक्टरच्या ४०,००० रुपयांसाठी शेतकऱ्याचा छळ होतो. मग नायक प्रवाशांना ओलीस धरतो, उद्योगपतीकडून ती रक्कम काढतो आणि क्षणार्धात ७ लाख शेतकऱ्यांची कर्जे फिटतात. चित्रपटगृहातील टाळ्या अगदीच अनाठायी म्हणता येत नाहीत. लहानाशी कठोर आणि मोठ्याशी मवाळ असा वसुलीतील दुजाभाव सामान्य माणसाला बोचतोच. परंतु टाळ्यांच्या गजरात दोन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट निर्लेखन आणि माफी यांतील फरकाची. बुडीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करून बँक ते ताळेबंदातून काढते, तेव्हा कर्जदाराची जबाबदारी संपत नाही. वसुलीचा दावा चालूच राहतो. अशी वसुली पुष्कळदा तुटपुंजी होते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ‘वसूल झाले नाही’ आणि ‘माफ केले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. प्रत्येक दुकानदाराला बुडीत उधारी ठाऊक असते. ती वेगळी लिहून ठेवली म्हणून कोणी गिऱ्हाइकाला पावती फाडून देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रपटात कर्जमाफीचे पैसे खलनायक देतो. प्रत्यक्षात ते सरकारी तिजोरीतून जातात. २००८ मध्ये पी. चिदंबरम यांनी ६०,००० कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये फडणवीस सरकारने ३४,००० कोटींची, तर २०१९ च्या अखेरीस ठाकरे सरकारने आणखी एक योजना आणली. पक्ष बदलले, रीत तीच राहिली. तिजोरीत तूट असते, म्हणून ही रक्कमही अखेर कर्जातूनच उभी राहते.

हे कर्ज देते कोण? बहुतांश कर्ज देशातच, रुपयांत उभारलेले आहे. बँका, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्य निर्वाह निधी हे सरकारी रोख्यांचे मोठे धारक आहेत. बँकांना आपल्या ठेवींच्या व अन्य देण्यांच्या १८ टक्के रक्कम रोकड, सोने किंवा मान्य रोख्यांत ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती मुख्यतः सरकारी रोख्यांतच असते. म्हणजे या कथेतला सुखीलाला कोणी एक गडी नाही. मुदत ठेवीवर घर चालवणारी आजी, विम्याचा हप्ता भरणारा दुकानदार, निधीत कपात होणारा नोकरदार, हेच सरकारचे सावकार आहेत. आणि व्याज चुकवण्यासाठी कर भरणारेही बव्हंशी तेच.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता. त्यात केवळ व्याज १२.७६ लाख कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे. रस्ते, लोहमार्ग आदी भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी, व्याजापेक्षा कमी. राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, आणि त्यातील ५.२४ लाख कोटी महसुली तूट होती. सरकारने उसनवारी केलेल्या प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया रोजच्या खर्चात जातो, असा याचा अर्थ.

व्यापारी घराण्यांतला जुना दंडक येथे लागू पडतो: कर्ज मालासाठी काढावे, गोदामासाठी काढावे, स्वयंपाकघरासाठी काढू नये. घर आणि राज्य यांत फरक अवश्य आहे. राज्याला म्हातारपण नाही, कर बसवण्याचा अधिकार त्याला आहे आणि जुने रोखे नव्याने फेडता येतात. म्हणून कर्जाचा आकडा पाहूनच घाबरणे हेही अज्ञानच. महासाथीच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, केंद्राची तूट सकल उत्पन्नाच्या ९ टक्क्यांपलीकडे गेली. तेव्हा हात आखडता घेणे अधिक घातक ठरले असते. पण परकीय चलनापुढे राज्याचीही मर्यादा उघडी पडते. १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती गंगाजळी उरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडकडे व बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले. घरातले सोने गहाण पडण्याची नामुष्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पत म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

राजकारणावरील चित्रपटांत हा हिशेब अभावानेच येतो. ‘नायक’चा एका दिवसाचा मुख्यमंत्री अधिकाऱ्यांना निलंबित करतो, पण त्याला अर्थसंकल्प मांडावा लागत नाही. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मधील अर्थमंत्र्याचे लक्षही तिजोरीपेक्षा मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर अधिक आहे, आणि हे चित्रण १९७९ चे असूनही जुने वाटत नाही. आज निवडणुकीत मासिक १,५०० रुपयांना उत्तर म्हणून त्याहून मोठा आकडा येतो. गरजू गृहिणीच्या हाती ते पैसे मोलाचे आहेत, यात शंका नाही. परंतु महाराष्ट्रावरील कर्ज मार्च २०२६ अखेर ९.३२ लाख कोटींवर जाईल, असा राज्याच्याच अर्थसंकल्पाचा अंदाज होता. त्याची चर्चा प्रचारसभांत क्वचित होते.

चित्रपटाने अडीच तास टाळ्या घ्याव्यात. ते त्याचे काम आहे. मतदाराचे काम निराळे. मत मागायला येणारा कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीन प्रश्न विचारता येतात: किती कर्ज, कशासाठी, आणि फेडणार कोणाच्या मिळकतीतून? दुकानात उधार मागणाऱ्याला जे प्रश्न सहज विचारले जातात, तेच हे प्रश्न. ते न विचारल्यास देणे पुढच्या पिढीच्या नावे चढते, आणि त्या पिढीची सही कोणी घेतलेली नसते.